रस्ता पाहून देश निवडावा

परदेशात सायकलवर सुट्टी घालवायचं ठरलं की आपल्याकडे पहिली चर्चा देशाची होते. स्वित्झर्लंड की इटली, जपान की व्हिएतनाम? मग फोटो पाहिले जातात, एखादा नागमोडी घाट सगळ्यांना आवडतो आणि तिकिटं काढली जातात. ही सुरुवात मला उलटी वाटते. मोटारीतून फिरणारा पर्यटक एका दिवसात दोन दऱ्या, तीन गावं आणि एक तलाव पाहून येतो. सायकलवरचा माणूस चढावर ताशी आठ-दहा किलोमीटरने सरकतो आणि दिवसाचे पाच-सहा तास एकाच रस्त्यावर असतो. ज्या वळणावर तो सुंदर फोटो काढलेला असतो, ते वळण त्याच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतं. उरलेल्या वेळात पुढे ट्रक आहे की मोकळी वाट, डोक्यावर झाडं आहेत की ऊन, दरी आपल्या बाजूला आहे की पलीकडच्या, चढ श्वास घेऊ देतो की नाही, यावर त्या दिवसाची गोडी ठरते. म्हणून आधी रस्ता शोधावा. तो सापडला की देश आपोआप ठरतो.

रस्ता पारखताना मी सगळ्यात आधी त्याचा इतिहास पाहतो. तो कोणी बांधला, कशासाठी बांधला आणि आज त्यावरून कोण जातं?

मायोर्का या स्पेनच्या बेटाचं उदाहरण घेऊ. बेटाच्या वायव्य किनाऱ्याला लागून त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे. उतारांवर दगडी बांध घालून केलेली शेतं, ऑलिव्हची जुनी झाडं आणि खाली निळा समुद्र असा हा प्रदेश २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. या रांगेतून सा कालोब्रा नावाच्या एका लहानशा खाडीकडे उतरणारा रस्ता १९३२ साली झाला. अँटोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला आणि त्यात एकही बोगदा ठेवला नाही. डोंगराच्या अंगाने वळणं घेत घेत त्याने उंची कमी केली. एका ठिकाणी तर रस्ता जवळजवळ पूर्ण गिरकी घेऊन स्वतःच्याच पुलाखालून जातो. तिथले लोक त्या वळणाला ‘टायची गाठ’ म्हणतात. एकूण सव्वीस तीव्र वळणं, साडेनऊ किलोमीटर लांबी आणि सरासरी सात टक्के चढ. गंमत अशी की इथे आधी उतरावं लागतं आणि मग चढावं लागतं, कारण खाली समुद्र आहे आणि परतीला दुसरा रस्ता नाही.

हा रस्ता पाहुण्यांना खाडीपर्यंत नेण्यासाठी बांधला होता आणि आजही तो खाडीपाशीच संपतो. पुढे कारखाना नाही, बंदर नाही, दुसरं शहर नाही. त्यामुळे मालवाहतूक नाही. गर्दी होते ती पर्यटकांच्या बसची, आणि त्या बस सकाळी उशिरा येतात. सात-आठच्या सुमाराला सायकल घेऊन उतरलं तर चुनखडीच्या त्या कड्यांमध्ये आपल्या फ्रीव्हीलचा आवाज तेवढा घुमतो. शिवाय स्पेनच्या कायद्याप्रमाणे सायकलला ओलांडताना मोटारीने किमान दीड मीटर अंतर सोडायचं असतं, आणि मायोर्कातले चालक ते मनापासून पाळतात. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट मात्र आपल्यालाही सक्तीचं आहे.

इटलीतला स्टेल्व्हिओ घाट याहून शंभर वर्षं जुना. लोंबार्दी प्रांत ऑस्ट्रियन साम्राज्याला जोडण्यासाठी कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात तो बांधला. माथा २,७५७ मीटर. प्रातो गावाच्या बाजूने चढताना अठ्ठेचाळीस वळणं लागतात आणि प्रत्येकावर आकडा कोरलेला आहे. पायथ्याशी ४८, माथ्यापाशी १. एवढी वळणं कशासाठी? तर त्या काळी घोड्यांना गाड्या ओढत वर न्यायच्या होत्या आणि घोडा ठरावीक टक्क्याच्या पुढच्या चढावर ओझं ओढत नाही. म्हणून अभियंत्याने रस्ता लांबवला, पण चढ सौम्य ठेवला. आपला बोरघाट १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला, तेव्हा हेच गणित बैलांसाठी केलेलं होतं. जनावरांसाठी आखलेला जुना घाट सायकलवाल्याच्या पायांना मानवतो, कारण दोघांचीही ताकद मर्यादित असते आणि दोघांनाही एकसारखा चढ हवा असतो.

याच्या उलट इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली हार्डनॉट खिंड पाहा. उंची चारशे मीटरही नाही. फोटोत हिरव्यागार टेकड्यांवरून पडलेल्या दोरीसारखा दिसतो तो रस्ता. पण तिथल्या चढाचा टक्का काही ठिकाणी तीसपर्यंत जातो. बहुतेकांना सायकल ढकलत न्यावी लागते, आणि ओल्या दिवशी उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. उंचीवरून घाटाची परीक्षा होत नाही ती अशी.

म्हणून आकडे वाचायला शिकणं भाग आहे. आपण राईडचं मोजमाप किलोमीटरमध्ये करतो. ‘काल शंभर मारले’ एवढं सांगितलं की समोरच्याला कळतं. डोंगरात हे मोजमाप फसवतं. तिथे दिवसभराची एकूण चढाई मीटरमध्ये पाहावी. शंभर किलोमीटरमध्ये हजार मीटर असतील तर तो चढउतारांचा, पण मजेचा दिवस. दोन हजारांच्या पुढे गेलं की तो डोंगरातला खरा दिवस, आणि असे दिवस लागोपाठ ठेवले तर सुट्टीची शिक्षा होते.

तुलनेला आपला एक घाट घेऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचं म्हणजे साधारण तेराशे मीटरची चढाई, आणि ती चाळीस किलोमीटरच्या आसपास पसरलेली. फ्रान्समधल्या माँ व्हाँतूवर बेदुआँ गावातून चढलं तर सोळाशे मीटर चढाई होते, आणि तीही साडेएकवीस किलोमीटरमध्ये. म्हणजे आंबेनळीपेक्षा जास्त उंची, निम्म्या अंतरात. पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षबागांमधून हलके जातात, मग जंगलातले जवळजवळ दहा किलोमीटर नऊ-दहा टक्क्यांचे, जिथे वळणंही फारशी नाहीत आणि दम खायला सपाटीही नाही. शेवटी झाडं संपतात आणि पांढऱ्या दगडांचा उघडा माथा समोर येतो. लांबून तो बर्फासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो चुनखडीचा आहे. जहाजबांधणीसाठी शतकानुशतकं तोड झाल्याने या डोंगराची झाडी गेली होती.

व्हाँतूचं नाव काढलं की सायकलप्रेमींना टॉम सिम्प्सन आठवतो. १३ जुलै १९६७ रोजी टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत हा ब्रिटिश खेळाडू माथ्याच्या अलीकडे कोसळला आणि गेला. रणरणतं ऊन, पोटात अँफेटामाईन आणि मद्य, आणि थांबायला नकार देणारं मन. जिथे तो पडला तिथे त्याचं स्मारक आहे. येणारे-जाणारे तिथे टोपी, पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात. सुट्टीवर गेलेल्या माणसाने तिथे दोन मिनिटं थांबावं, पाणी प्यावं आणि उन्हाचा अंदाज पुन्हा घ्यावा.

आता याच डोंगराकडे ‘सो’ गावाच्या बाजूने पाहा. तिथून माथा सव्वीस किलोमीटर आहे आणि सरासरी चढ साडेचार टक्क्यांच्या आसपास. सुरुवात लॅव्हेंडरच्या शेतांमधून होते, जूनच्या अखेरीपासून जुलैत ती जांभळी झालेली असतात, आणि मग सावली देणारं जंगल लागतं. शेवटचे सहा किलोमीटर बेदुआँच्या वाटेचेच. डोंगर एकच, माथा एकच, पण दोन वाटांवरच्या दिवसांची एकमेकांशी ओळखही पटणार नाही. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने निःसंकोच ‘सो’ची वाट धरावी. बेदुआँकडून चढल्याचा अभिमान वेगळा असतो हे खरं, पण नऊ टक्क्यांवर हँडलकडे खाली मान घालून चढणाऱ्याला निसर्ग फारसा दिसत नाही.

प्रसिद्धी आणि सौंदर्य यांचीही गल्लत होऊ देऊ नये. फ्रेंच आल्प्समधल्या आल्प द्युएझ या घाटाचं नाव सगळ्यांना माहीत असतं. १९५२ साली टूर द फ्रान्स तिथे पहिल्यांदा गेली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. तिथल्या एकवीस वळणांवर विजेत्यांची नावं आहेत. शर्यतीच्या इतिहासासाठी तिथे जरूर जावं, पण रस्ता रुंद आहे, वाहनं बरीच आहेत आणि माथ्यावर स्कीइंगसाठी उभारलेल्या इमारतींची वसाहत आहे. त्याच भागातला गालिबिए, २,६४२ मीटर उंचीचा, टूरने १९११ सालीच गाठला होता. गवताळ उतार, मार्मोट नावाच्या खारीच्या जातीच्या प्राण्यांच्या शिट्ट्या, बर्फाचे पट्टे. निसर्ग हवा असेल तर मी गालिबिएच्या बाजूने मत देईन. आणि कमी दमाच्या माणसाला आल्प्सची चव घ्यायची असेल तर लासे द माँव्हेर्निए आहे. अवघ्या साडेतीन किलोमीटरमध्ये एका कड्यावर एकावर एक रचलेली वळणं. २०१५ साली टूर तिथून गेली आणि तोवर आसपासच्या खेड्यांपुरता असलेला हा रस्ता जगाला कळला. फ्रान्सच्या अशा बहुतेक घाटांवर दर किलोमीटरला एक पाटी असते. माथा किती लांब, सध्याची उंची किती आणि पुढच्या एका किलोमीटरचा चढ किती टक्के, हे तीवर लिहिलेलं असतं. दमलेल्या माणसाला त्या पाटीचा केवढा आधार वाटतो, ते तिथे गेल्यावरच कळतं.

वाहतुकीबद्दल एक साधी युक्ती आहे: नकाशावर बोगदा शोधायचा. डोंगराखालून नवा बोगदा किंवा शेजारून द्रुतगती मार्ग निघाला की अवजड वाहनं तिकडे वळतात आणि वरचा जुना घाट मोकळा होतो. मुंबई-पुण्याच्या सायकलवाल्यांना हे नवं नाही. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, म्हणून आपण जुन्या महामार्गाने जातो. व्हिएतनाममध्ये हुए आणि दा नांग या शहरांच्या दरम्यान हाय व्हान घाट आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, माथा ४९६ मीटर. २००५ साली खालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा सुरू झाला आणि ट्रक त्यात गेले. मोटारसायकली आणि इंधनाचे टँकर अजून घाटाने जातात, पण तेवढ्याने रस्ता बिघडत नाही. स्वित्झर्लंडच्या गोट्टहार्डला तर तीन थर आहेत. पोटातून १९८० साली सुरू झालेला जवळजवळ सतरा किलोमीटरचा मोटारींचा बोगदा, वर नवा घाटरस्ता, आणि दक्षिण बाजूला त्रेमोला नावाचा दगडी फरसबंदीचा जुना रस्ता. मोटारी पहिल्या दोन वाटांनी जातात. त्रेमोला सायकलवाल्यांसाठी उरतो. दगडांचा खडखडाट मनगटांना जाणवतो खरा, पण चाकात अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचा टायर असेल तर चालतं.

काही घाट वर्षातून एखादा दिवस मोटारींना बंद असतात. स्टेल्व्हिओला उन्हाळ्याच्या शेवटी असा एक सायकल-दिवस असतो. इटलीतल्या डोलोमाईट्स डोंगरांत सेला पर्वताभोवती चार खिंडींची पंचावन्न-साठ किलोमीटरची प्रदक्षिणा आहे: पोर्दोई, सेला, गार्देना आणि कांपोलोंगो. तीही जूनमध्ये आणि बहुधा सप्टेंबरमध्ये एकेक दिवस मोकळी ठेवतात. सुट्टीच्या तारखा लवचीक असतील तर त्या दिवसांभोवती सगळा बेत आखावा. एरवी ऑगस्टच्या शनिवार-रविवारी याच रस्त्यांवर मोटारसायकलींचे तांडे असतात आणि त्यांच्या आवाजात डोलोमाईट्सचं सगळं वैभव हरवतं.

दिशेचा विचार फार थोडे लोक करतात. युरोपात उजवीकडून चालायचं असतं. त्यामुळे समुद्र, तलाव किंवा दरी आपल्या उजव्या हाताला असली तर मध्ये दुसरी लेन येत नाही. मायोर्काचा किनारी रस्ता म्हणूनच ईशान्येच्या पोयेन्साकडून नैर्ऋत्येच्या आंद्राचकडे जावा, समुद्र आपल्या बाजूला राहतो. तैवानमध्येही उजवीकडून चालतात आणि तिथे बेटाची सायकलने पूर्ण प्रदक्षिणा घालण्याची मोठी परंपरा आहे. ती बहुतेक जण घड्याळाच्या उलट दिशेने घालतात, म्हणजे समुद्र उजव्या हाताला. जपानमध्ये आपल्यासारखं डावीकडून चालतात. तिथल्या बिवा तलावाला सायकलने वळसा घालणारेही घड्याळाच्या उलट दिशेने जातात, कारण तलावाभोवती त्या दिशेने गेलं की पाणी डावीकडे राहतं. दिशा एकच, कारण मात्र दोन्हीकडे वेगळं. वारा आणि उन्हाचाही याच वेळी विचार करावा. सकाळी ज्या उतारावर सावली असते तो चढायला घ्यावा.

आपल्याकडून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी कोणता रस्ता सांगेन, असं विचारलं तर उत्तर तयार आहे: जपानचा शिमानामी काईदो. होन्शू बेटावरचं ओनोमिची आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी यांच्यामधल्या समुद्रात सहा बेटं आहेत. ती पुलांनी जोडणारा मार्ग १९९९ साली पूर्ण झाला. त्यावर मोटारींसाठी द्रुतगती रस्ता आहे आणि सायकलींसाठी वेगळी मार्गिका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सत्तर किलोमीटर. पूल समुद्रापासून बरेच उंच आहेत, म्हणून प्रत्येक पुलावर चढायला सायकलींसाठी स्वतंत्र वळणदार चढण बांधली आहे आणि तिचा चढ तीन टक्क्यांच्या आसपास ठेवला आहे. त्यामुळे दहा-बारा वर्षांचं मूलही ती चढतं. बेटांवरच्या रस्त्यांच्या कडेला निळी रेघ ओढलेली आहे. ती धरून गेलं की नकाशा उघडावा लागत नाही.

पुलांचं वैविध्य थक्क करणारं आहे. इन्नोशिमाच्या पुलावर सायकलची वाट मोटारींच्या खालच्या मजल्यावरून, लोखंडी सांगाड्याच्या आतून जाते. तातारा पुलाचा मधला गाळा ८९० मीटरचा. पूर्ण झाला तेव्हा त्या प्रकारच्या पुलांमध्ये तो जगात सर्वांत लांब होता. शेवटचा कुरुशिमा म्हणजे एकामागोमाग एक असे तीन झुलते पूल, मिळून चार किलोमीटर. खाली भरती-ओहोटीचे भोवरे फिरताना दिसतात. ईकुची बेटावर लिंबांच्या बागा, ओमिशिमावर ओयामाझुमी हे जुनं शिंतो मंदिर. पायात ताकद असलेला माणूस एका दिवसात हे सगळं पार करतो, पण मी दोन दिवस काढायला सांगेन, मध्ये बेटावर मुक्काम करून. ओनोमिचीहून पहिल्या बेटावर पुलाने जाण्याऐवजी छोट्या होडीने जातात. काही मिनिटांचाच तो प्रवास, आणि सुरुवातीलाच मन प्रसन्न करणारा.

आपल्या सोयीच्या गोष्टीही इथे बऱ्याच आहेत. वाहतूक डावीकडून, म्हणजे चौकात मेंदूला नव्याने शिकवावं लागत नाही. भाड्याची सायकल एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडता येते. मार्चअखेर ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चांगले महिने, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी चपखल बसते. शाकाहारी माणसाला मात्र आधी तयारी हवी. भाज्यांच्या सुपातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तेव्हा काय चालतं आणि काय नाही ते जपानीत लिहिलेला कागद जवळ ठेवावा.

चढ नकोच असणाऱ्यांसाठी डॅन्यूब नदीकाठची वाट आहे. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, बहुतेक डांबरी आणि नदीच्या प्रवाहाबरोबर हलकी उतरत जाणारी. मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा टप्पा सगळ्यात देखणा आहे. दोन्ही तीरांवर द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा, कड्यांवर जुने किल्ले. दमलं तर सायकल आगगाडीत किंवा बोटीत घालता येते. साठी ओलांडलेली जोडपी इथे आठ-आठ दिवस आनंदाने सायकल चालवताना दिसतात. या वाटेला कमी लेखणारे लोक मला समजत नाहीत.

हंगामाचं गणित आपल्या सुट्ट्यांशी नीट जुळवावं लागतं. आपण मे महिन्यात मोकळे असतो, आणि मेमध्ये आल्प्सच्या उंच खिंडी बर्फाने बंद असतात. गालिबिए, स्टेल्व्हिओ साधारण जूनपर्यंत उघडतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा बंद होतात. मेमध्ये जायचं तर मायोर्का किंवा फ्रान्समधल्या प्रोव्हान्सचा सखल भाग घ्यावा. आल्प्सचा खरा हंगाम म्हणजे आपला पावसाळा. इथे घाट निसरडे झालेले असताना तिथे दिवस पंधरा तासांचा असतो. पण उंचीची थंडी विसरू नये. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. बेदुआँत पंचवीस अंश असताना व्हाँतूच्या माथ्यावर पंधराच्या आसपास असणार, त्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटला तर सायकलवर बसणंही अवघड होतं. चढताना घामाने भिजलेलं अंग उतारावर ताशी पन्नासच्या वेगात गारठतं आणि बोटं ब्रेक धरेनाशी होतात. वाऱ्याचं पातळ जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे खिशात हवेतच, आकाश कितीही निरभ्र असो.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर एक महत्त्वाची सूचना. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुतेक वेळा उजव्या हाताला असतो. युरोपात भाड्याने मिळणाऱ्या सायकलींना तो डावीकडे असतो. सवयीने डावा ब्रेक जोरात दाबला आणि पुढचं चाक अडलं, तर घाटाच्या पहिल्याच वळणावर मोठा अपघात होऊ शकतो. सायकल घेतानाच दुकानात सांगून बाजू बदलून घ्यावी. बऱ्याच दुकानांत ते करून देतात. मागच्या गिअरमध्ये मोठी चकती बत्तीस किंवा चौतीस दात्यांची मागावी. आपली स्वतःची सायकल खोक्यात घालून न्यायची की भाड्याने घ्यायची, यावर वाद होतात. आठवडाभरासाठी भाड्याची घेणं मला शहाणपणाचं वाटतं. फक्त आपली सीट आणि पॅडल न्यावीत, कारण सवय त्यांचीच असते. बॅटरीची सायकल हवी असेल तर ती तिथेच घ्यावी लागेल. तिची मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात नेऊ देत नाहीत. नवरा-बायकोच्या दमात फरक असेल तर एकाने बॅटरीची घ्यावी. मग दोघं माथ्यावर एकाच वेळी पोचतात आणि सुट्टी दोघांची होते.

घाटावर रस्त्याइतकीच माणसांची आठवणही असते, आणि रस्ता निवडताना मी ती धरतो. इटलीत कोमो तलावावरच्या बेलाज्जोहून चढत गेलं की मादोन्ना देल गिझाल्लो नावाचं छोटं चॅपेल लागतं. पोप बारावे पायस यांनी १९४९ साली इथल्या मेरीमातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतींवर कोप्पी, बार्ताली, मर्क्स या नामवंत शर्यतपटूंच्या सायकली टांगलेल्या आहेत. तिथेच फाबियो कासार्तेल्ली या कोमोकडच्याच खेळाडूची मोडलेली सायकल आहे. १९९५च्या टूरमध्ये उतारावर पडून तो गेला. स्लोव्हेनियातला वर्शिच घाट, माथा १,६११ मीटर, पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कित्येक गाडले गेले. सोबत्यांनी बांधलेलं लाकडी रशियन चॅपेल चढावर आजही उभं आहे. पन्नास वळणांचा हा रस्ता चढताना तिथे सायकल टेकवून आत जावं. उत्तरेकडच्या वळणांवर दगडी फरशी आहे आणि पावसात ती घसरते, तेव्हा ओल्या दिवशी त्या बाजूने उतरू नये.

आता बेत करणाऱ्यांनी एक करावं. पाच देशांची यादी बाजूला ठेवून एकच रस्ता निवडावा, त्याच्या पायथ्याशी चार-पाच दिवसांचा मुक्काम ठेवावा आणि तिथूनच रोज वेगळ्या दिशेला निघावं. बेदुआँ, पोयेन्सा, डोलोमाईट्समधलं कोर्व्हारा, ही त्यासाठी उत्तम गावं आहेत. सामान रोज बांधावं लागत नाही, आणि पाऊस आला तर एक दिवस थांबता येतं. व्हिसाचं काम मात्र लवकर सुरू करावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे जुलैमधल्या आल्प्ससाठी जानेवारीतच कागदपत्रं तयार हवीत.